उत्पत्तीचा अडतिसावा अध्याय

अमेरिकेतल्या युटा राज्यानं २०२२ साली शाळांमधल्या पुस्तकांसाठी एक कायदा केला. शाळेच्या ग्रंथालयातलं एखादं पुस्तक अश्लील किंवा असभ्य आहे असं पालकाला वाटलं, तर त्यानं लेखी तक्रार करायची. मग समिती बसणार, तिच्यात पालकही असणार, आणि पुस्तक ठेवायचं की काढायचं ते ती ठरवणार. विधेयक मांडणारे आमदार केन आयव्हरी. त्यांच्या पाठीशी पालकांच्या संघटना होत्या. त्यातले पुष्कळ जण देवाला मनापासून मानणारे, रविवारची उपासना न चुकवणारे असणार, कारण युटा हे तसंच राज्य आहे. आपल्या मुलांच्या मनावर घाण पडू नये अशी त्यांची इच्छा होती, आणि ती खरी होती असंच मी धरून चालते.

त्याच वर्षी डिसेंबरात सॉल्ट लेक सिटीच्या उत्तरेकडच्या डेव्हिस शाळा-जिल्ह्यात एक तक्रार दाखल झाली. हा जिल्हा मोठा आहे, त्याच्या शाळांत सुमारे ७२ हजार मुलं शिकतात. तक्रार होती बायबलविरुद्ध. किंग जेम्सचं म्हणून ओळखलं जाणारं जुनं इंग्रजी भाषांतर काही शाळांच्या ग्रंथालयांत होतं, ते काढा, असं एका पालकाचं म्हणणं. नाव जाहीर झालं नाही. तक्रारीला आठ पानांची यादी जोडलेली होती, आक्षेपार्ह वचनांची. तशा यादीत काय काय येऊ शकतं हे बायबल रोज उघडणाऱ्याला सांगावं लागत नाही. बापाला द्राक्षारस पाजून त्याच्यापाशी निजणाऱ्या लोटाच्या मुली आहेत. सावत्र बहिणीवर जबरदस्ती करून मग तिलाच घराबाहेर काढणारा अम्नोन आहे. शास्ते या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली, रात्रभर गावगुंडांच्या हाती दिलेली आणि सकाळी उंबऱ्यावर हात टाकून पडलेली ती बाई आहे. यहेज्केलाचा तेविसावा अध्याय तर मी घरात मोठ्यानं वाचलेला नाही.

जून २०२३च्या सुरुवातीला समितीचा निर्णय बाहेर आला. कायद्यातल्या अश्लीलतेच्या व्याख्येत बायबल बसत नाही, पण त्यातली हिंसा आणि असभ्य मजकूर लहान मुलांच्या वयाला योग्य नाही. म्हणून खालच्या आणि मधल्या शाळांतून ते काढावं, हायस्कुलात राहू द्यावं. मॉर्मन लोकांच्या राज्यात बायबल लहान मुलांच्या शाळांबाहेर गेलं. लगेच त्यांच्या स्वतःच्या मॉर्मन ग्रंथावरही तक्रार आली. आयव्हरी यांनी आधी बायबलवरच्या या तक्रारीला थट्टा म्हटलं होतं. निर्णयानंतर ते म्हणाले की बायबल लहान मुलांना अवघडच जातं आणि ते घरी, कुटुंबात शिकवलेलं बरं. बायबल परत आणा म्हणून अपिलं झाली, आणि २० जूनला शाळा-मंडळानं एकमतानं ते सगळ्या शाळांत परत ठेवलं. कारण असं दिलं की त्यात हिंसा आणि असभ्यपणा असला, तरी मुलांच्या दृष्टीनं त्याचं मोल त्याहून कितीतरी जास्त आहे.

मी ख्रिस्ती आहे. केडगावची. बायबल माझ्या घरात चार पिढ्या आहे आणि देव्हारा नसलेल्या घरात देव्हाऱ्याची जागा त्याचीच असते. तरी त्या तक्रारदाराचा मला राग आला नाही. बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा नाही, आजही नाही. त्याच्या यादीतलं एकही वचन खोटं नव्हतं. त्यानं कायदा करणाऱ्यांचीच वाचायची रीत उचलली आणि त्यांच्याच ग्रंथाला लावली. मला वाईट वाटलं ते मंडळाच्या निकालाचं. मोल जास्त आहे हे कारण अगदी बरोबर आहे. पण तेच कारण घेऊन इतर पुस्तकांचे वाचक दाराशी उभे होते, त्यांना ते मिळालं नाही. याच जिल्ह्यानं शर्मन अलेक्सी यांची कादंबरी काढून टाकली होती, रेड इंडियन वस्तीत जन्मलेल्या आणि गोऱ्यांच्या शाळेत जाऊन बसलेल्या एका गरीब पोराची. तिच्यातही शिव्या आहेत, वयात येणाऱ्या मुलाच्या मनातलं सगळं आहे, दारू आहे, मरणं आहे. त्या पुस्तकाला ओळींनी तोललं आणि बायबलाला अख्खं तोललं. घरात दोन मापं ठेवू नयेत असं नियमशास्त्र सांगतं, आणि ते नियमशास्त्र त्याच परत आणलेल्या ग्रंथात आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. एखादं पुस्तक ओळी वेचून वाचायचं आणि त्या ओळींवर त्याचा निकाल लावायचा, या रीतीपुढे कुठलाच धर्मग्रंथ टिकत नाही. कादंबरी एखादवेळ टिकेल. धर्मग्रंथ नाही टिकणार, कारण माणूस किती खाली जातो हे न लपवता सांगणं हे त्याचं काम आहे. म्हणून या बंदीच्या रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या श्रद्धावंतांनीच खरं तर तिला सगळ्यात आधी विरोध करायला हवा होता.

उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायाचं उदाहरण घेते, कारण तो मला जवळचा आहे.

यहूदाच्या थोरल्या मुलाची बायको तामार. नवरा मेला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिला धाकट्या दिराला, ओनानाला दिली, तोही मेला. राहिला तिसरा, शेला. सासऱ्याला भीती की हिच्या पायगुणानं हाही जाईल. म्हणून त्यानं तिला गोड बोलून माहेरी धाडलं, शेला मोठा होईपर्यंत विधवा होऊन राहा म्हणाला. शेला मोठा झाला, बोलावणं आलं नाही. मग सासरा मेंढरांची लोकर कातरायला तिम्न्याला निघाल्याचं कळल्यावर तामारेनं विधवेची वस्त्रं उतरवली, तोंडावर बुरखा घेतला आणि वाटेवर जाऊन बसली. त्यानं तिला वेश्या समजून जवळ केलं. मोबदला म्हणून करडू पाठवीन म्हणाला, तोवर तारण काय, असं तिनं विचारलं, आणि त्याची मुद्रा, मुद्रेचा गोफ आणि हातातली काठी ठेवून घेतली. तीन महिन्यांनी गावात बभ्रा झाला. यहूदानं हुकूम केला की तिला बाहेर काढा आणि जाळा. जाळायला नेत असताना तिनं त्या तीन वस्तू सासऱ्याकडे पाठवल्या, ज्याच्या आहेत त्याचंच हे मूल आहे असा निरोप देऊन. यहूदानं ओळखलं, आणि आपल्यापेक्षा तीच नीतिमान आहे हे त्याला कबूल करावं लागलं.

या अध्यायात काय नाही? शरीरविक्रय, सासरा-सुनेचा संबंध, ओनानाचं ते कृत्य ज्याच्यावर धर्मशास्त्रींनी पुढे पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या. कुठल्याही समितीनं लाल पेन्सिल घेतली तर अध्याय अख्खा लाल होईल. पण तो काढला की मत्तयाच्या शुभवर्तमानाचं पहिलंच पान आंधळं होतं. येशूची वंशावळ तिथे दिली आहे, बापामागून बापाचं नाव, आणि त्या पुरुषांच्या ओळीत मरीयेच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. नाताळाच्या आधीच्या उपासनेत आमचे पाळक ही वंशावळ वाचतात तेव्हा मुलं चुळबुळ करतात, नावांचा कंटाळा येतो त्यांना. गोष्ट माहीत असलेली बाई मात्र तामारेच्या नावाशी मान वर करते. तारणारा कुठल्या रक्तातून आला हे मत्तयाला लपवायचं नव्हतं.

माझी आजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. लहानपणीच पोरकी झाली होती, कोणीतरी आणून सोडली. तिथे छापखाना होता आणि तो मुली आणि बायकाच चालवायच्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं एका कामाला दिली: हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. ते संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. आजी त्या खिळ्यांपाशी बसायची. ती सांगायची की जुळवताना अक्षर उलटं दिसतं, त्यामुळे डोळ्यानं वाचता येत नाही, बोटानं ओळखावं लागतं. मजकूर काय आहे ते ठसा घेतल्यावर कळतं. उत्पत्तीचा हा अध्याय तिच्या हातून गेला होता. शेजारच्या खणांपाशी बसणारी मुलगी बालविधवा होती. सासरच्यांनी घालवून दिलेली. शाई पुसता पुसता तिनं ठशाचा कागद वाचला आणि म्हणाली, "अगं, हिनं काठी ठेवून घेतली म्हणून वाचली बघ."

आजीनं मला ही गोष्ट सांगितली तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची असेन. तिला ती अश्लील वाटली नव्हती, मलाही वाटली नाही. आम्हा दोघींना कळलं ते काठीचं. मोठ्या माणसाच्या शब्दावर भरवसा टाकायचा नाही, पुरावा हातात ठेवायचा. वासनेची गोष्ट म्हणून जो हा अध्याय वेचून काढील, त्याला तो वासनेचाच दिसेल. दोनदा विधवा झालेल्या, माहेरी टाकलेल्या मुलीनं तो वाचला की तो न्यायाचा असतो. कोणाच्या डोळ्यानं वाचायचं हे समितीनं ठरवून टाकलं की दुसरी वाचणारी मुलगी त्या खोलीतून बाहेर जाते. मुक्तीच्या छापखान्यातल्या कोवळ्या वयाच्या मुलींना या अध्यायापासून जपायला हवं, असं रमाबाईंना वाटलं नाही. ज्या गोष्टीपासून जपायचं ती त्यांच्या आयुष्यात आधीच घडून गेली होती.

गोष्ट करते काय हे बायबलातच एका ठिकाणी फार उघडपणे दिसतं. दावीद राजानं उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत पुढे घालून मारवलं. राजाला हे कोण सांगणार? नाथान संदेष्टा गेला आणि त्यानं आरोप केला नाही, गोष्ट सांगितली. गावात एक श्रीमंत, त्याच्याकडे कळप. एक गरीब, त्याची एकच मेंढी, त्याच्या ताटातलं खाणारी, कुशीत झोपणारी. श्रीमंताकडे पाहुणा आला, त्यानं आपली न कापता गरिबाची मेंढी ओढून नेली. दावीद संतापला, असल्या माणसाला जगू देता कामा नये म्हणाला. तेव्हा नाथाननं त्याला सांगितलं की तो माणूस दुसरा कोणी नाही, तूच आहेस. सरळ बोलला असता तर नाथानाचं डोकं गेलं असतं, आणि दावीद जसा होता तसाच राहिला असता. गोष्टीत शिरलेला माणूस स्वतःचा न्याय दुसऱ्याचा समजून करतो, तोवर त्याला पळायला वाट राहत नाही. पापाची गोष्ट मुलांपुढे नको असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा सावकाश वाचावा. नाथानाची गोष्ट चोरीची आणि मारण्याची होती, आणि तिच्यातूनच पश्चात्ताप आला.

शाळेत मी मराठी शिकवत असे आणि ग्रंथालयाचं कपाट माझ्याकडे होतं. तेव्हाची एक गोष्ट सांगते. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' कपाटात होतं. १९८० सालचं पुस्तक, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजातलं घर, गाढवं, फोकांच्या टोपल्या, गावोगाव पाल टाकत फिरणं, आणि त्यातून शाळेत गेलेला मुलगा. एका पालकानं तक्रार केली की भाषा घाणेरडी आहे, आमच्या मुलीच्या हातात नको. मुख्याध्यापकांनी वाद नको म्हणून पुस्तक काढून आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. बंदी असं कोणी म्हटलं नाही, नुसतं कुलूप लागलं. नववीत एक मुलगा होता, भटक्या समाजातला. त्याचे आईवडील वर्षातला बराच काळ बाहेरगावी, तो चुलत्याकडे राहायचा. मधल्या सुट्टीत तो कपाटाशी उभं राहून 'उपरा' वाचत असे. घरी न्यायला मी सांगितलं होतं, पण तो नेत नसे. पालावर पुस्तक ठेवायला जागा नाही, भिजेल, म्हणायचा. पुस्तक गेल्यावर त्यानं ते कुठे गेलं हे विचारलं नाही. कपाटाशी यायचा बंद झाला. त्या पुस्तकातले शब्द ज्यांना घाणेरडे वाटले त्यांनी ते पुस्तकातच पहिल्यांदा वाचले असतील. त्याच्या घरी ते रोजच्या बोलण्यातले होते, त्यातले काही तर लाडाचे. आपलं बोलणं शाळेत ठेवण्यासारखं नाही, एवढं त्याला बरोबर कळलं.

म्हणून अलेक्सी यांच्या कादंबरीवरची ती बातमी वाचताना मला अमेरिका परकी वाटली नाही. कोणत्या घरातली मुलं कोणत्या पुस्तकातून दूर केली जातात हे बघितलं की पुस्तक का जातं ते कळायला लागतं.

इथे एक रास्त प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. सात वर्षांच्या मुलाला शास्त्यांचा एकोणिसावा अध्याय वाचायला द्यायचा का? नाही. आमच्या संडे स्कुलात त्या वयाला नोहाचं तारू असतं, लहानग्या शमुवेलाला रात्री आलेली हाक असते, पाच भाकरी आणि दोन मासे असतात. मी पुष्कळ वर्षं ते वर्ग घेतले आणि कुठली गोष्ट कोणाला, कधी सांगायची हे दर रविवारी निवडलं. शिक्षकाचं, आईबापाचं कामच ते. पण त्या निवडीत समोरचं मूल दिसत असतं. या वर्षी नको, पुढल्या वर्षी बघू. हिला चालेल, हा अजून घाबरतो. पुस्तक तिथेच राहतं आणि मूल वाढून त्याच्यापर्यंत येतं. तक्रारीच्या कागदात मूल नसतं, वचनांचे आकडे असतात. आणि एका घरानं केलेली निवड तिथे हजारो घरांवर बसते. युटात २०२४ साली कायदा आणखी घट्ट केला. राज्यातल्या ४१ शाळा-जिल्ह्यांपैकी तीन जिल्ह्यांनी एखादं पुस्तक ठरावीक कलमाखाली काढलं की ते राज्यभरातल्या सगळ्या सरकारी शाळांतून काढायचं. त्या ऑगस्टमध्ये पहिली यादी निघाली, १३ पुस्तकांची. मार्गारेट अ‍ॅटवूड तिच्यात आहेत, ज्युडी ब्लूम आहेत, आणि रुपी कौर या आपल्या पंजाबातून कॅनडात गेलेल्या मुलीच्या कविताही आहेत. बाईच्या देहावर झालेल्या जबरदस्तीबद्दल त्या कविता बोलतात. अम्नोनाच्या घरातून बाहेर पडलेल्या, डोक्यावर राख टाकून आक्रोश करत गेलेल्या त्या दुसऱ्या तामारेला, त्याच्या सावत्र बहिणीला, तिच्या सख्ख्या भावानंच गप्प राहायला सांगितलं होतं, हे मला आठवल्याशिवाय राहत नाही.

धर्म जपण्यासाठी वाचन रोखायचं ही खटपट आपल्याला काही नवी नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवल्याची गोष्ट मराठी माणसाला मी काय सांगावी. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, तर त्यांना उडुपीला पंडितांपुढे उभं राहून जाब द्यावा लागला होता. तिथे पुस्तक पवित्रच होतं, वाचणारी बाई चालत नव्हती. त्या बाईनं मुलीला शिकवलं, आणि त्या मुलीचं बायबल माझ्या आजीच्या बोटांखालून गेलं.

गोव्यात जे झालं ते याहून विलक्षण. पोर्तुगीज सत्तेखाली नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांकडून त्यांची जुनी पोथ्यापुराणं काढून घेतली होती. त्यांना हात लावायचा नाही, ती ऐकायची नाहीत. १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि साष्टीत राहिला. आपल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या सुरुवातीला तो एक प्रसंग सांगतो. मुलांना धर्मशिक्षण देणं चाललेलं असताना एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण उठला आणि त्यानं विचारलं की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरं काही का देत नाही? पुराण ऐकण्यात गेलेल्या संध्याकाळी आता कशानं भरायच्या? हा प्रश्न मुलांच्या वर्गात विचारला गेला हे मला फार महत्त्वाचं वाटतं. धर्मशिक्षणाचं प्रश्नोत्तर पाठ होतं, पण माणूस त्यावर जगत नाही. त्याला गोष्ट लागते, आणि ती आपल्या बोलीच्या चालीत लागते. बंदी घालणाऱ्यांनी पोथी नेली, भूक काही नेता आली नाही.

स्टीफन्सनं उत्तर म्हणून अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या. मराठीत. आदामापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत सगळं, ज्या पुराणांना बंदी होती त्यांच्याच घाटात, ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडवलेल्या ओवीत. १६१६ साली रायतूरला, राशोल म्हणूनही ओळखतात तिथे, रोमन लिपीत ते छापलं गेलं. पुराणं बंद करायला निघालेल्या चर्चनं शेवटी स्वतःच पुराण छापलं, आणि आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना पहिला मोठा ग्रंथ त्यातून मिळाला. हे ईश्वराचं काम आहे असं मी मानते. बंदी ईश्वराची होती असं मात्र मानत नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असं ठरवलं. 'ख्रिस्तपुराणा'च्या त्या छापील प्रती आज कुठेही मिळत नाहीत. ग्रंथ वाचला तो हातानं उतरवलेल्या प्रतींत, आणि १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला. उलट, ज्या रामायण-महाभारताच्या कथा ऐकायला मनाई होती, त्यांच्या कोकणी आणि मराठी प्रती पाद्र्यांनी भाषा शिकण्यासाठी रोमन अक्षरांत उतरवून घेतल्या होत्या, त्या पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आजही आहेत.

युटातल्या आपल्या ख्रिस्ती भावाबहिणींना मला यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय दाखवायचा आहे. संदेष्ट्यानं सांगितलं आणि बारूखानं शाईनं गुंडाळीवर लिहून घेतलं. मंदिरातल्या गमऱ्याच्या खोलीत ती गुंडाळी लोकांना वाचून दाखवली. मग ती यहोयाकीम राजाकडे गेली. थंडीचे दिवस, राजा हिवाळ्यातल्या वाड्यात बसलेला, पुढ्यात शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखणीच्या चाकूनं तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. सगळी गुंडाळी संपेपर्यंत. हा राजा देव न मानणारा नव्हता, यरुशलेमेतला दावीदाच्या वंशातला राजा होता. पुढे यिर्मयानं दुसरी गुंडाळी घेतली, जळलेलं सगळं पुन्हा सांगितलं आणि त्यात तशीच आणखी पुष्कळ वचनं घातली.

प्रवचनात नेहमी हा शेवट सांगतात. माझं लक्ष त्याच्या आधीच्या एका ओळीशी थांबतं. राजा कापत होता तेव्हा खोलीतले बाकीचे ना घाबरले, ना कोणी कपडे फाडले. फक्त तिघांनी, एलनाथान, दलाया आणि गमऱ्या यांनी, गुंडाळी जाळू नका म्हणून राजाची विनवणी केली. त्यानं ऐकलं नाही. तिघंही दरबारातले, राजाचं मीठ खाणारे. त्या गुंडाळीत त्यांच्याच देशाविरुद्ध कडक शब्द होते हे त्यांनाही माहीत होतं, त्यांनी ती स्वतः आधी ऐकली होती आणि ऐकून एकमेकांकडे भीतीनं पाहिलं होतं. आवडली म्हणून ते बोलले नाहीत. पूर्ण ऐकली होती म्हणून बोलले.

माझी भाची युटात राहते, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला. तिची दोन मुलं तिथल्या शाळेत आहेत, आणि काही महिन्यांपूर्वी तिला पालक म्हणून अशाच एका समितीवर बोलावलं. पुस्तकाचं नाव इथे देत नाही. तिनं मला फोन केला, "मावशी, त्यांनी मला पानांचे आकडे दिलेत, पान अमुक, पान तमुक. तेवढंच वाचून बाकीचे लोक हात वर करणार आहेत. वाचलं मी, वाईटच आहे गं ते. आणि चर्चमधले लोकही विचारतात, तू कोणत्या बाजूची म्हणून." मी तिला यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय काढायला लावला आणि त्या तिघांची नावं मोठ्यानं वाचायला सांगितली. मग म्हटलं, पुस्तक पहिल्या पानापासून वाच, आकड्यांच्या पानांवर आलीस की तिथे ते का आहे ते बघ, आणि मग तुझ्या मनाला जे पटेल ते सगळ्यांसमोर बोल. काढावं असं वाटलं तर तसं सांग, पण वाचून सांग. परवा तिचा निरोप आला. पुस्तक निम्मं झालं आहे. बैठकीत तिनं विचारलं की अख्खं कोणी वाचलं आहे का, तेव्हा आणखी एका बाईनं हात वर केला. दोघींनी मिळून तारीख पुढे मागितली आणि ती मिळाली.